एका कुशीतले दोन वैरी: जुळ्या भावांवरची अद्भुत कादंबरी कशी रचावी

जुळ्या भावांपैकी एक सज्जन, दुसरा काळ्या विद्येच्या नादी लागलेला, आणि शेवटी दोघांची लढाई. एवढ्या भांडवलावर कादंबरी लिहायला बसलं की पन्नासाव्या पानाच्या आसपास गाडं रुतायला लागतं. कोण जिंकणार ते वाचकाला कळून चुकलेलं असतं आणि दुसरा भाऊ असा का झाला ते लेखकालाच माहीत नसतं. 'त्याला सत्तेची हाव होती' हे उत्तर म्हणून चालत नाही. हाव कोणाला नसते? एकाच पोटी, एकाच रात्री जन्मलेल्या दोघांपैकी एकाचीच हाव का पेटली, हे सांगता आलं पाहिजे.

माझा सल्ला असा की भावाभावांची गोष्ट वाटणीपासून सुरू करा. आपल्याकडे भाऊबंदकीला तत्त्वज्ञान लागत नाही, बांध लागतो. वाटायची वस्तू ठरवा, ती वाटता येणार नाही अशी करा आणि दोन तंतोतंत सारखे वारस तिच्यासमोर उभे करा. जादू, राज्य, राक्षस, तलवारी हे सगळं त्या एका वस्तूतून आपोआप निघतं. पुढच्या पायऱ्यांसाठी मी एक नमुना कथानक रचत जाणार आहे. ते उचलू नका. त्याची रचना कशी होते तेवढं पाहा.

पायरी 1: मिळकत ठरवा

नमुना असा. घाटमाथ्यावर एक कल्पित मुलूख आहे, उंबरखोरं. तिथल्या एका घराण्याकडे पिढीजात एक वतन आहे. पाटीलकी असते, देशमुखी असते, तशी ही 'आभाळकी'. ज्याच्याकडे आभाळकी, तो पाऊस बोलावू शकतो आणि थोपवूही शकतो. बाप मेल्यावर त्याच्या तांब्याच्या गडव्यातलं पाणी जो पहिला पितो त्याच्यात ही विद्या उतरते. एका वेळी एकातच. मुलगे दोन, जुळे: येसजी आणि भानजी.

शेत वाटता येतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावता येतात. मराठेशाहीच्या काळात वतनंसुद्धा वाटली जात, निम्मी पाटीलकी विकलीही जाई. पण मान वाटताना लोक अडून बसत. होळीची पोळी आधी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, सभेत विडा पहिल्यांदा कोणाच्या हातात, यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालल्याचे कागद आहेत. आभाळकी ही अशीच मानासारखी, तुकडे न होणारी मिळकत आहे.

खरा इतिहास चाळलात तर वाटणीतला भावनेचा गुंता नीट दिसतो. 1677 साली दक्षिणेच्या स्वारीत छत्रपती शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे कोळ्ळिडम नदीजवळ भेटले. शहाजीराजांच्या दौलतीतला निम्मा वाटा हा विषय. भेटीगाठी झाल्या, पाहुणचार झाला, आणि एका रात्री व्यंकोजीराजे कोणाला न सांगता नदी ओलांडून तंजावरकडे निघून गेले. पुढे दोन्हीकडच्या फौजा लढल्या. तरीही व्यंकोजी खचून विरक्तीची भाषा करू लागले, तेव्हा त्यांना 'उठा, कामाला लागा' अशा अर्थाचं पत्र लिहिणारे थोरले भाऊ महाराजच होते. हे दोघं जुळे नव्हते आणि यात कोणी खलनायकही नाही. म्हणूनच ही हकीगत कादंबरीकाराने वाचावी. दावा, राग, काळजी, हे सगळं एकाच माणसाच्या पत्रव्यवहारात मावतं.

आता काम: पहिलं प्रकरण लिहिण्याआधी तुमच्या कल्पित घराण्याचं वाटणीपत्र लिहा. एक पान पुरे. जमीन, गुरं, भांडी, येणी-देणी, आणि देव. देव्हारा कोणाकडे राहणार हे लिहायला विसरू नका, कारण नैवेद्याला दुसऱ्याने थोरल्याच्या घरी यायचं की आपला वेगळा टाक घडवायचा, यातूनच तुम्हाला दहा प्रसंग मिळतील. शेवटच्या ओळीत ती वाटता न येणारी वस्तू. तिथे लेखणी अडली तर समजा कादंबरी सापडली.

पायरी 2: थोरला कोण, हे अवघड करून ठेवा

जुळ्यांच्या गोष्टीत हा प्रश्न फार लेखक एका वाक्यात उडवून लावतात: 'तो चार मिनिटांनी मोठा होता.' हातचं सोनं फेकून देण्याचा हा प्रकार आहे. आपल्या ग्रंथांतच याची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध जातात. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सरळ म्हटलंय की जुळ्यांमध्ये जो आधी जन्मला तो ज्येष्ठ. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात दितीच्या जुळ्या मुलांचं बारसं आहे, हिरण्यकशिपू आणि हिरण्याक्ष यांचं. तिथे पोटातून आधी बाहेर आला तो हिरण्याक्ष, पण गर्भात आधी आला तो हिरण्यकशिपू, असा हिशेब आहे, आणि पुराणकथेत थोरला भाऊ म्हणून वावरतो तो हिरण्यकशिपू. आधी आत गेलेला मागून बाहेर येतो, असा त्यामागचा तर्क. म्हणजे तुमच्या कथेतल्या दोन्ही भावांना आपापल्या बाजूचा शास्त्री मिळतो, आणि दोन्ही शास्त्री प्रामाणिक असू शकतात. गावसभेचा एक अख्खा प्रसंग इथे उभा राहतो.

बाहेरच्या कथा पाहिल्या तरी गाठ इथेच बसलेली दिसते. रोमच्या दंतकथेत रोम्युलस आणि रेमस जुळे असल्यामुळे वयाने निवाडा होईना, म्हणून पक्ष्यांचा शकुन पाहायचं ठरलं. रेमसला आधी सहा गिधाडं दिसली, रोम्युलसला मागून बारा. एक म्हणतो आधी मला, दुसरा म्हणतो जास्त मला. पुढे रक्त सांडलं. बायबलमध्ये तामारच्या बाळंतपणात एका बाळाचा हात आधी बाहेर येतो, सुईण त्याला लाल दोरा बांधते, हात परत आत जातो आणि दुसरंच बाळ पहिलं जन्मतं.

नमुन्यात मी त्या सुईणीची गोष्ट थोडी बदलतो. येसजीच्या मनगटाला दोरा बांधला गेला होता. पण आंघोळीत तो सुटला, सुईणीनं तो पुन्हा बांधला, आणि योग्य मनगटाला बांधला की नाही याची तिला स्वतःलाच खात्री नाही. एकवीस वर्षं ती गप्प आहे. तुमच्या कादंबरीत हे गुपित कोणाकडे आहे, ते केव्हा फुटणार, आणि फुटल्यावर त्याचा उपयोग उरलेला असेल का, हे तीन ओळींत लिहून भिंतीला चिकटवा. गुपित उशिरा फुटावं असं माझं मत. गडव्यातलं पाणी पिऊन झाल्यावर, परत फिरता येणार नाही अशा वेळी.

दोघं हुबेहूब सारखे असावेत का? एकाच बीजापासून होणारे जुळे जगभर दर हजार बाळंतपणांत साधारण तीन-चार वेळा होतात. दोन वेगळ्या बीजांचे जुळे म्हणजे एकाच वेळी जन्मलेली साधी भावंडं. सत्तेच्या कथेला पहिला प्रकार बरा, कारण मग 'तो माझ्याहून वेगळाच होता' ही पळवाट बंद होते. एक तपशील हाताशी ठेवा: अशा जुळ्यांचेसुद्धा बोटांचे ठसे सारखे नसतात.

पायरी 3: विद्येचा जमाखर्च मांडा

जादूला किंमत हवी हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. आयुष्य कमी होतं, केस पांढरे होतात, आठवणी जातात, हे सगळं वाचकाने पाहिलेलं आहे. जुळ्यांच्या कथेत तुमच्याकडे अशी एक सोय आहे जी इतरांकडे नाही: किंमत दुसऱ्याने द्यायची.

आभाळकीचा नियम असा की विद्या एकाची, झीज दुसऱ्याची. भानजीनं पाऊस ओढला की येसजीला ताप भरतो. भानजीनं ढग महिनाभर थोपवले तर येसजीच्या डाव्या कानाचं ऐकणं जातं. पूर्वी या घराण्यात जुळे जन्मलेच नव्हते, त्यामुळे झीज धन्यालाच भोगावी लागे आणि तो आपोआप जपून वागे. आता लगाम गेला. बघा, खलनायकाला वेगळी दुष्टबुद्धी द्यावी लागली नाही. फुकटात मिळणारी सत्ता पुरेशी आहे.

यातून जो प्रसंग निघतो तो मला कादंबरीचा मध्य वाटतो. सतराव्या-अठराव्या शतकातल्या वतनाच्या तंट्यांत साक्षीपुराव्याने निवाडा होईना तर दिव्य करायला लावत. रवा दिव्यात तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी सोडून बघायचा. फोड नसला तर माणूस खरा. आता कल्पना करा, भानजी 'थोरला मीच' असा खोटा दावा घेऊन कढईत हात घालतो. पिशवी सोडतात तेव्हा त्याचा तळहात कोरा. आणि सभेच्या कडेला बसलेल्या, दिव्य न केलेल्या येसजीचा हात भाजून निघालेला. पंच भानजीच्या बाजूनं महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहितात. त्यांनी नियमाबरहुकूमच निवाडा दिला आहे. भाजलेला हात येसजीनं दाखवावा का? दाखवला तर भावाचं खोटं उघडं पडेल, पण झीज कोणाला लागते हेही सगळ्या गावाला कळेल, आणि उद्या कोणीही त्याच्यावर सुरी धरून भानजीला वाकवू शकेल. म्हणून तो हात उपरण्याखाली लपवतो. इथून पुढे दोघंही खोटे.

काम: वहीत दोन रकाने पाडा. विद्येचा प्रत्येक वापर जमेला, त्याने दुसऱ्याच्या अंगावर काय उमटलं ते खर्चाला. कच्चा खर्डा पुरा होईपर्यंत वही मिटू नका. तिसऱ्या प्रकरणात गेलेला कान अकराव्या प्रकरणात ऐकायला लागला तर वाचक लगेच पकडतो.

पायरी 4: मुलूख असा घ्या की पाऊस हाच राजकारण होईल

अद्भुत कादंबरी म्हटलं की बर्फाळ डोंगर, ओकची जंगलं आणि दगडी मनोरे का येतात कोण जाणे. सह्याद्री डोळ्यासमोर असताना तो उसना नकाशा कशाला? एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणदेशात पाचशेच्या आसपास. मध्ये अंतर शंभर किलोमीटरचंही नाही. ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात आणि पलीकडची माणसं आभाळाकडे बघत राहतात.

ही भूगोलाची गोष्ट भानजीच्या हेतूला जोडा. त्याला सुरुवातीला काय हवंय? माथ्यावरचा पाऊस थोडा पुढे, कोरड्या मुलखावर न्यायचा. बाप आणि आजा नेमाने फक्त आपल्या खोऱ्यापुरतं बघत आले. भानजी पूर्वेला गेला, तिथे त्यानं गुरं सोडून दिलेली गावं पाहिली. त्याचं म्हणणं न्यायाचं आहे, आणि वाचकाने निदान शंभर पानं त्याच्या बाजूने असलं पाहिजे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं परवानगीशिवाय लोकांना खुली केली आणि आपण त्यांना संत मानतो. नियम मोडून भुकेल्याला देणं ही आपल्याकडे पूज्य गोष्ट आहे. भानजीला हीच कथा तोंडपाठ असू द्या.

कालगणनेला कारवी घ्या. सह्याद्रीतली कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, अख्खा उतार जांभळा होतो, मग बी धरून झाडं वाळून जातात. त्या वाळल्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती होतात. भाऊ फुलाच्या वर्षी जन्मले. त्यानंतरच्या दुसऱ्या फुलोऱ्याला चौदाचे, तिसऱ्याला बाप गेला, चौथ्याला शेवट. चार फुलोरे म्हणजे चार खंड. वर्षांचे आकडे लिहायची गरजच राहत नाही.

बाकी नकाशा, वंशावळ, चलन, कल्पित भाषेचं व्याकरण वगैरे उद्योग एका आठवड्यात आटपा. त्यात रमलेली माणसं पुढे कादंबरी लिहिताना दिसत नाहीत.

पायरी 5: उतरण पायरीपायरीनं

भानजी एका रात्रीत काळा पडत नाही. त्याचे निर्णय क्रमानं लिहा आणि प्रत्येकाखाली त्या वेळचं त्याचं समर्थन लिहा. नमुन्यात असं: गडव्यातलं पाणी तो चोरून पितो, कारण येसजी पूर्वेला पाऊस देणार नाही हे त्याला माहीत आहे. पहिला पाऊस तो माणदेशासारख्या मुलखावर पाडतो आणि तिथल्या म्हाताऱ्या त्याच्या पायावर डोकं ठेवतात. भावाला ताप आल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी कळतं. त्याला खरंच वाईट वाटतं, तो वैद्य पाठवतो. दुसऱ्या पावसाच्या वेळी तो वैद्य आधीच पाठवून ठेवतो.

थांबा इथे. माणूस कुठे फिरला ते या शेवटच्या वाक्यात आहे. रक्तपात नाही, शाप नाही. त्यानं भावाचा आजार गृहीत धरला, हिशेबात लावला. पुढे पावसाच्या बदल्यात धान्य, धान्याच्या बदल्यात शिपाई, आणि पाऊस न देण्याची पहिली धमकी, ही सगळी त्याच हिशेबाची वाढ. धमकी दिली त्या दिवशी त्याच्या तोंडी पूर्वेच्या लोकांचीच भाषा असावी: 'यंदा तुमच्या वाट्याला नाही.'

समर्थन लिहिता येत नसेल असा निर्णय कादंबरीतून काढा. तो पात्राचा नसतो, लेखकाला कथानक पुढे ढकलायचं असतं म्हणून आलेला असतो.

पायरी 6: भल्या भावाला इतकं भलं ठेवू नका

सोसणारा येसजी लवकर कंटाळा आणतो. त्याच्यातही तीच भूक असली पाहिजे, कारण शरीर तेच आहे. मग त्यानं काय केलं नाही? बापाच्या अखेरच्या रात्री गडवा त्याच्या ताब्यात होता. पहाटेपर्यंत वाट पाहू, असं तो म्हणाला. त्यात सज्जनपणा किती आणि जबाबदारी टाळणं किती, हे त्यालाही सांगता येत नाही. शिवाय त्याला एक हत्यार सापडू द्या. झीज त्याच्या अंगावर येते, म्हणजे त्यानं स्वतःला इजा केली तर भानजीची विद्या लटकी पडेल का? तो एकदा करून बघतो. त्या वर्षी पूर्वेला पेरणी वाया जाते. किती माणसं मेली हे कोणी मोजत नाही, पण येसजीला कळतं की ती त्याच्यामुळे मेली.

घरातली तिसरी माणसं इथे कामाला येतात. आई आहेच, पण आईचे अश्रू जपून वापरा. मला येसजीची बायको जास्त उपयोगाची वाटते. नवऱ्याचा चेहरा तिला दोन धडांवर दिसतो आणि ती दोघांना खोकण्यावरून ओळखते. धाकट्या दिराशी थट्टामस्करी चालते, थोरल्यासमोर पदर सावरून बाजूला व्हावं लागतं. भानजी थोरला, असा महजर झाल्याच्या संध्याकाळी तो नेहमीसारखा स्वयंपाकघरात येतो, चुलीजवळ पाट ओढतो. ती उठते, डोक्यावरून पदर घेते आणि दाराआड उभी राहून सासूकरवी विचारते, 'भाकरी वाढू का, विचारा.' युद्धाच्या दहा पानांत जे होणार नाही ते इथे होतं.

पायरी 7: 'तो' आणि 'त्याला' यांचा बंदोबस्त

दोन पुरुष एका खोलीत आले की मराठीत सर्वनामं अडचण करतात. क्रियापदही मदत करत नाही, 'म्हणाला' दोघांनाही लागतं. त्यात दोघं दिसायला सारखे. कच्च्या खर्ड्यात हमखास असं येतं:

'त्यानं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग होता. तो काही बोलला नाही. मग त्यानं त्याचा हात धरला आणि तो म्हणाला, "गडवा दे."'

कोणी कोणाचा हात धरला? दुरुस्तीत नावांचा मारा करू नका. माणसाला जागा द्या, वस्तू द्या, खूण द्या:

'भानजी उंबऱ्यावरच थांबला. गडवा येसजीच्या मांडीवर होता, वरचं फडकं अजून ओलं. "दे."

येसजीनं फडक्याची गाठ आणखी आवळली. आवळताना तळहातावरचा फोड फुटला. उंबऱ्यावरच्या भावानं आपला कोरा हात पाठीमागे नेला.'

एक उंबऱ्यावर, एक बसलेला. एकाच्या हाताला फोड, एकाचा हात कोरा. 'राग' हा शब्द गेला तरी चाललं. प्रत्येक समोरासमोरच्या प्रसंगाआधी दोघं कुठे आहेत आणि कोणाच्या अंगावर काय उमटलंय ते वहीतून पाहून घ्या.

नावांबद्दल: रणवीर-रणधीर, राम-श्याम असली जोडी ठेवू नका. पहिलं अक्षर वेगळं, शेवटचा ठेका शक्यतो वेगळा. माझ्या नमुन्यात 'जी' दोघांनाही लागलाय, हे खटकणारं आहे. पण लहानपणी ते येश्या आणि भान्या आहेत, आणि पुढे दोघांच्या वाट्याला वेगवेगळी बिरुदं येतात, म्हणून चालवून घेतलं.

संबोधनं हा उतरणीचा दुसरा हिशेब. लहानपणी अरे-तुरे. वाद पेटला तरी अरे-तुरेच, शिव्यांसकट. भानजीच्या पंगतीत येसजीनं पहिल्यांदा 'आपण' म्हटलं की समजावं नातं संपलं. हा 'आपण' पूर्ण कादंबरीत एकाच ठिकाणी पहिल्यांदा येईल अशी काळजी घ्या.

निवेदन कोणाचं? भानजीच्या डोक्यात बसून लिहिलंत तर वाचक फार लवकर त्याला माफ करतो. येसजीच्या डोक्यात बसलात तर तक्रारीचा सूर लागतो. आलटूनपालटून प्रकरणं द्यायची पद्धत आहे, पण दोघांचा आवाज वेगळा काढता आला तरच. मला विचाराल तर सुईण किंवा वहिनी यांपैकी एकीच्या खांद्यावर ठेवा.

पायरी 8: शेवट

समोरासमोरची लढाई या रचनेत जमतच नाही. भानजीनं वार केला तर लागणार कोणाला? येसजी मेला तर झीज परत भानजीवर येणार, म्हणजे भानजीला येसजी जिवंत हवा. येसजीला हे कळलेलं आहे. तुम्ही नियम नीट आखले असतील तर शेवट दोन-तीन शक्यतांवर येऊन ठेपतो आणि त्यांतली सगळ्यात लाजिरवाणी शक्यता बहुतेक वेळा बरोबर असते. नमुन्यात मी येसजीला मारत नाही. भानजी पाऊस थोपवून धरतो, बहिरा झालेला येसजी त्याच्या दारात येऊन बसतो आणि गावासमोर पहिल्यांदा भाजका हात उघडा करतो. पुढचा निर्णय भानजीचा नाही, पंचांचा. दिव्याचा निवाडा चुकला हे त्यांनी कबूल केलं तर आपल्या सगळ्या जुन्या निवाड्यांवर प्रश्नचिन्ह येईल. ते काय करतात, तो शेवट.

सुईणीचं गुपित यानंतर फोडा. आता ते कोणाच्या कामाचं नाही.

पायरी 9: खर्ड्यापासून छापखान्यापर्यंत

ऐंशी-नव्वद हजार शब्दांचा अंदाज ठेवा, डेमी आकारात साधारण तीनशे पानं भरतात. पाच खंडांची मालिका मनात असली तरी पहिलं पुस्तक स्वतःच्या पायावर उभं राहू द्या. 'पुढील भागात' वाचणारा वाचक आधी मिळवावा लागतो.

पूर्ण कादंबरीआधी तिच्यातला एक तुकडा स्वतंत्र कथा करून दिवाळी अंकाला पाठवा. 'मनोरंजन' मासिकाने 1909 साली ही परंपरा सुरू केली तेव्हापासून नव्या लेखकाची परीक्षा घ्यायची ही हक्काची जागा आहे. दिव्याचा प्रसंग किंवा पदराचा, असा एकच घ्या. संपादकांकडे अंकाचं काम बरंच आधी सुरू होतं, गणपती येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. छपाईसाठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये वळवला तर रफार आणि जोडाक्षरं हलतात, आणि अशा कादंबरीत दऱ्या, वाऱ्या, सुऱ्या भरपूर असतात. मुद्रितं, म्हणजे प्रुफं, आली की 'ऱ्य' असलेले शब्द आधी शोधून तपासा.

'जुळे भाऊ आणि सत्ता' या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, कायदा मांडणीला संरक्षण देतो. भारतात लिखाणावरचा हक्क लिहिल्यापासूनच लागू होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो टिकतो. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला नमस्कार करून पुढे चला.

प्रकाशकाला पाठवायचं असेल तर पहिली तीन प्रकरणं आणि दोन पानांचा सारांश द्या. सारांशात शेवट लपवू नका. 'पुढे काय होतं ते कादंबरीतच वाचा' असं लिहिलेला सारांश प्रकाशकाच्या टेबलावर बाजूला पडतो. पंचांनी काय केलं ते स्पष्ट सांगा, आणि नकाशा सोबत जोडू नका, मागितला तर द्या.